मांजराचा लिटर ट्रे, त्याच्या सवयी आणि घरातला वास : कोल्हापूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापूर शहर, इचलकरंजी आणि आसपासच्या गावांतून मांजर पाळणारे जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, त्यांपैकी शी-शूच्या ट्रेसंबंधीचे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. ज्यांचा बोका आत्ता लघवीसाठी कुंथत आहे आणि थेंबही पडत नाही, त्यांनी बाकी काही न वाचता थेट प्रश्न १२ पाहावा.

१. पिल्लू कालच घरी आणले आहे. त्याला ट्रेची सवय लावायची कशी?

फारसे शिकवावे लागत नाही. भुसभुशीत जागा उकरून त्यात शी करणे आणि ती झाकणे ही मांजराची उपजत सवय आहे, आणि साधारण तीन-चार आठवड्यांचे पिल्लू ती आपोआप दाखवू लागते. पहिले काही दिवस त्याला एकाच खोलीत ठेवावे, खाणे झाल्यावर आणि झोपेतून उठल्यावर अलगद ट्रेमध्ये सोडावे, आणि पुढचे त्याच्यावर सोपवावे. त्याचे पंजे धरून माती उकरून दाखवल्याने ते घाबरते व ट्रेलाच बिचकू लागते. चूक झाली म्हणून नाक घासणे, हा आपल्याकडे वडीलधारे हमखास सांगतात तो उपाय, अजिबात करू नये. त्यातून मांजर एवढेच शिकते की माणसांसमोर शू करणे धोक्याचे आहे, आणि मग ते कपाटामागे जाऊन करते. दोन-तीन महिन्यांच्या आतील पिल्लू लिटर (म्हणजे ट्रेमध्ये पसरायचा, शू शोषणारा मातीसारखा थर) चाटून पाहते, त्यामुळे तोवर गुठळी होणारे लिटर वापरू नये.

२. ट्रे केवढा असावा? झाकण असलेला महागडा बॉक्स घ्यावा का?

नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंत मांजराची जी लांबी भरेल, तिच्या दीडपट लांबीचा ट्रे असावा. दुकानांत मिळणारे बहुतेक ट्रे पूर्ण वाढलेल्या बोक्याला अपुरे पडतात. पुष्कळ घरांत हार्डवेअरच्या दुकानातले प्लास्टिकचे घमेले वापरले जाते. पिल्लासाठी ते उत्तम आहे, परंतु त्याचे काठ उतरते असल्याने मोठा बोका आत उभा राहतो तेव्हा त्याचा मागचा भाग काठाबाहेर येतो आणि शू थेट फरशीवर पडते. मालकाला वाटते, मांजर बिघडले. प्रत्यक्षात मांजराने ट्रेमध्येच शू केलेली असते. त्यापेक्षा उंच भिंतींचा आयताकृती टब घेऊन त्याची एक बाजू चार इंचांपर्यंत कापावी आणि कापलेली कड पॉलिश पेपरने घासून गुळगुळीत करावी. म्हाताऱ्या, सांधे दुखणाऱ्या मांजरासाठी ही कड आणखी खाली आणावी.

झाकणाच्या बॉक्समुळे वास आपल्याला कमी येतो, पण तो आत कोंडून राहतो आणि मांजराला दुपटीने सोसावा लागतो. काही मांजरांना तो चालतो. ज्याला चालत नाही, ते बाहेर शू करून तसे कळवते.

३. आमचा फ्लॅट छोटा आहे. ट्रे नेमका कुठे ठेवावा?

कोरडी, शांत, चोवीस तास उघडी आणि अन्नपाण्याच्या भांड्यांपासून दूर अशी जागा निवडावी. बहुतेक जण बाथरूम निवडतात, पण आपल्याकडची बाथरूमची फरशी दिवसभर ओली असते आणि मांजराला ओल्या फरशीवरून जाणे आवडत नाही. ड्राय बाल्कनी सोयीची पडते, मात्र वॉशिंग मशीन तिथेच असेल तर ट्रे तिच्याजवळ नको, कारण मांजर ट्रेमध्ये असताना मशीनने एकदा गरागरा फिरायला सुरुवात केली की ते पुन्हा तिकडे फिरकत नाही. वाऱ्याने दार लागू नये म्हणून दाराला अडणा लावावा.

४. कोणते लिटर घ्यावे?

प्रौढ मांजरासाठी बारीक कणांचे, बिनवासाचे, गुठळी होणारे बेंटोनाइट लिटर हे सर्वांत खात्रीचे. बेंटोनाइट ही ओलावा शोषून फुगणारी माती आहे; शू पडली की तिचा घट्ट गोळा होतो आणि तेवढाच उचलून टाकता येतो. गुजरातेतील कच्छमध्ये ती मोठ्या प्रमाणावर निघत असल्याने आपल्याकडे तिचा तुटवडा नसतो. सिलिका जेलचे खडे शू आतल्या आत शोषतात, पण पायांना टोचत असल्याने अनेक मांजरांना ते रुचत नाहीत. लाकडी गोळ्या आणि सोयाबीनच्या चोथ्याचे तोफू लिटर वजनाला हलके व कमी धुळीचे असते. लव्हेंडर, लिंबू वगैरे सुगंध घातलेले लिटर मात्र घेऊ नये. तो सुगंध माणसांसाठी असतो; मांजराचे नाक आपल्यापेक्षा कितीतरी तीक्ष्ण असल्याने त्याला तो झोंबतो.

ट्रेमध्ये दोन ते तीन इंचांचा थर असावा. थर पातळ असला की शू तळापर्यंत जाऊन चिकटते आणि खरवडावी लागते.

५. विकतचे लिटर महाग पडते. वखारीतला भुसा, उसाचे चिपाड, भाताचा तूस, चुलीतली राख, वाळू, यांपैकी काय चालेल?

हा प्रश्न सर्वांत जास्त येतो आणि तो रास्तही आहे, कारण आपल्या जिल्ह्यात या सगळ्या वस्तू हाताशी आहेत.

लाकडाचा भुसा चालतो, पण तो कोरडा, चाळलेला आणि साध्या लाकडाचा असावा. प्लायवूड आणि एमडीएफ कापलेल्या ठिकाणच्या भुशात डिंकाची रसायने असतात, म्हणून फर्निचरच्या कारखान्यातला भुसा टाळावा व लाकूड कापणाऱ्या वखारीतला मागावा. अगदी पिठासारखा भुसा मांजराच्या नाकातोंडात जातो, तेव्हा जाडसर पाहावा. भुशाची गुठळी होत नाही. त्यामुळे ओला झालेला भाग रोज आणि संपूर्ण भुसा दोन-तीन दिवसांनी बदलावा लागतो.

चिपाड चांगले शोषते, पण गुऱ्हाळावरून आणलेल्या चिपाडात रसाचा अंश राहतो. त्याला मुंग्या लागतात आणि दमट हवेत बुरशी धरते. उन्हात खडखडीत वाळवून, बारीक करून उन्हाळ्यात वापरायला हरकत नाही. जून ते सप्टेंबर त्याच्या वाटेला जाऊ नये. आजरा, राधानगरीकडे तूस मुबलक मिळतो, परंतु त्याचे कवच पाणी शोषत नाही, म्हणून शू तळाशी साचते आणि तूस केसाळ मांजराच्या अंगाला चिकटून घरभर पसरतो.

राख वापरू नये. ओली झालेली राख अल्कधर्मी असते, ती तळव्यांची कातडी जाळते. शिवाय अल्कधर्मी झालेल्या शूमधून अमोनिया अधिक वेगाने हवेत सुटतो, म्हणजे ज्या वासासाठी राख टाकली तोच वाढतो. चुन्याची भुकटीही याच कारणाने वर्ज्य. वाळू मांजराला मनापासून आवडते, मात्र ती शोषत नाही. तात्पुरती सोय म्हणून ठीक.

६. आमची फौंड्री आहे. तिथे बेंटोनाइट आणि वाळू दोन्ही पोत्यांनी पडलेले असते. तेच का वापरू नये?

उद्यमनगर, शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या मंडळींकडून हा प्रश्न ठरलेला असतो. धातू ओतायच्या साच्यासाठीचे बेंटोनाइट आणि लिटरमधले बेंटोनाइट हे एकाच जातीचे खनिज असले, तरी साच्याचे पिठासारखे दळलेले असते. मांजर उकरू लागले की त्याचा धुरळा उडतो आणि शू पडली की गोळ्याऐवजी चिखल होतो. वापरून झालेली काळी वाळू तर कदापि नको. तिच्यात कोळशाची भुकटी आणि काही ठिकाणी रेझिनचे अवशेष असतात, आणि मांजर पंजे चाटून स्वच्छ करत असल्याने ते सगळे त्याच्या पोटात जाते.

७. ट्रे रोज साफ करतो, तरी घरात शिरल्याबरोबर वास येतो. असे का?

ताज्या शूला फारसा उग्र वास नसतो. तिच्यातील युरियाचे जिवाणू विघटन करतात, तेव्हा अमोनिया तयार होतो, आणि नाकात झणझणते ते हेच. मांजराचे पूर्वज कोरड्या प्रदेशातले असल्याने त्याचे मूत्रपिंड पाणी राखून ठेवते व लघवी अतिशय घट्ट करते. म्हणून इतक्याशा प्राण्याचा एवढा वास. नसबंदी न झालेल्या बोक्याच्या लघवीत फेलिनिन नावाचे गंधकयुक्त द्रव्य भरपूर असते, ते फुटले की लसूण कुजल्यासारखा वेगळाच दर्प येतो. ट्रे कितीही घासला तरी तो जात नाही. त्याचा उपाय प्रश्न १३ मध्ये आहे.

तेव्हा विघटनाला वेळच न देणे, हे खरे काम. गोळे आणि शी दिवसातून दोनदा उचलावी. लिटरचे खास फावडे मिळते. जुना झाराही चालतो, फक्त तो पुन्हा पुऱ्या तळायला जाणार नाही अशा ठिकाणी ठेवावा. झारा जोरात आपटू नये, कारण गोळा फुटला की त्याचे ओले तुकडे चांगल्या लिटरमध्ये मिसळतात आणि दोन दिवसांत सगळा ट्रे वास मारू लागतो. रोज साफ करूनही वास येतो, अशी तक्रार असलेल्या घरांत बहुधा हेच घडत असते. गुठळी होणारे लिटर दोन ते चार आठवड्यांनी पूर्ण बदलावे आणि ट्रे गरम पाणी व भांड्यांच्या सौम्य साबणाने धुऊन उन्हात वाळवावा. प्लास्टिकवर नखांचे ओरखडे पडतात, त्यांत वास मुरतो. वर्षभराने ट्रेच बदललेला बरा. तळाशी चमचाभर खाण्याचा सोडा टाकायला हरकत नाही, पण त्याच्याकडून चमत्काराची अपेक्षा ठेवू नये.

८. पावसाळ्यात वास एकदम का वाढतो?

खिडक्या बंद असतात, हवा ओली असते, लिटर वाळत नाही आणि फरशीच्या सांध्यांत मुरलेल्या जुन्या शूचे क्षारही ओल धरून पुन्हा वास सोडू लागतात. या दिवसांत थर थोडा कमी ठेवून लिटर लवकर बदलावे, बाल्कनीतला ट्रे आत घ्यावा आणि लिटरची पिशवी उघडी न ठेवता घट्ट झाकणाच्या डब्यात ओतून ठेवावी, नाहीतर गुठळ्या पिशवीतच होतात. सिलिकाचे खडे हवेतलीच ओल पिऊन लवकर निकामी होतात, म्हणून पावसाळ्यात ते परवडत नाहीत.

९. ट्रेजवळची फरशी फिनाइलने पुसतो, कोपऱ्यात डांबर गोळ्या ठेवतो. चालेल ना?

चालणार नाही, आणि या पानावरील इतर काही लक्षात राहिले नाही तरी एवढे राहावे. मांजराचे यकृत फिनॉल गटातील रसायने नीट निष्प्रभ करू शकत नाही. काळे फिनाइल, डेटॉल आणि तत्सम जंतुनाशके फरशीवरून पंजांना लागतात, पंजे चाटले की पोटात जातात, आणि लाळ गळणे, उलट्या, तोल जाणे येथपासून प्रकरण जिवावर बेतू शकते. डांबर गोळ्या आणि कापूर विषारीच आहेत. टी ट्री, निलगिरी, पुदिना यांची तेलेही दूर ठेवावीत.

ब्लीचिंग पावडरची गोष्ट निराळी. शूमधला अमोनिया आणि ब्लीच एकत्र आले की क्लोरामिन हा घातक वायू तयार होतो, तो माणसांच्याही डोळ्यांना व फुप्फुसांना झोंबतो. साधा साबण, गरम पाणी आणि नंतर कोरडे फडके एवढे पुरे.

१०. गादीवर किंवा सोफ्यावर शू केली, तर वास कसा घालवावा?

शू दिसल्याबरोबर जुन्या टॉवेलने दाबून टिपून घ्यावी. घासू नये, कारण घासल्याने ती पसरते. मग थंड पाणी टाकून पुन्हा टिपावे. पाण्याने युरिया निघून जातो, मात्र युरिक ॲसिडचे स्फटिक पाण्यात जवळजवळ विरघळत नाहीत आणि तेच पुढे दमट दिवशी वास देतात. त्यांच्यासाठी एन्झाइमयुक्त क्लीनर लागतो, जो पाळीव प्राण्यांच्या दुकानात किंवा ऑनलाइन मिळतो. तो नुसता शिंपडू नये. शू जितकी खोल गेली तितका खोल तो मुरला पाहिजे आणि बराच काळ ओला राहिला पाहिजे, म्हणून वर प्लास्टिकचा कागद झाकून रात्रभर ठेवावे. तो मिळेपर्यंत समान पाणी घातलेले व्हिनेगर वापरावे.

कापसाच्या गादीवर वरवरचा कोणताही उपाय चालत नाही. उसवून, भिजलेला कापूस काढून टाकून, उरलेला उन्हात वाळवून पिंजून घेणे हाच मार्ग आहे, आणि गादी कारखानदार हे काम नेहमी करतात. वास पुरता गेला नाही तर मांजर पुन्हा तिथेच येणार, हे गृहीत धरावे.

११. ट्रे स्वच्छ आहे, तरी बाहेर करते. आमच्यावर राग काढते का?

मांजर सूड म्हणून शू करत नाही. आधी आजार नाही ना, हे पशुवैद्यकाकडून तपासून घ्यावे. मूत्रमार्गाचा दाह, मूत्रपिंडाचा विकार, मधुमेह, सांधेदुखी, बद्धकोष्ठता यांपैकी काहीही त्यामागे असू शकते, आणि ट्रेमध्ये असताना दुखले की मांजर दुखण्याचा संबंध ट्रेशी जोडते. तपासणीत काही निघाले नाही, तर अलीकडे काय बदलले ते आठवावे : लिटरची कंपनी, ट्रेची जागा, घरात आलेला पाहुणा, नवे मांजर, गल्लीत सुरू झालेले बांधकाम. कुठे करते यावरूनही अंदाज येतो. मऊ चादरी निवडणाऱ्याला लिटर टोचत असावे; ट्रेच्या अगदी शेजारी करणाऱ्याला ट्रे लहान किंवा घाण वाटत असावा. लिटर बदलायचे असल्यास जुन्यात नवे थोडे थोडे मिसळत आठ-दहा दिवसांत बदलावे.

१२. बोका सारखा ट्रेमध्ये जाऊन बसतो, कुंथतो, ओरडतो, पण शू होत नाही. सकाळपर्यंत वाट पाहावी का?

वाट पाहू नये. बोक्याची मूत्रनलिका अरुंद असते, ती खडे किंवा चिकट द्रव्याने बंद होते, रक्तात पोटॅशियम वाढून हृदयावर परिणाम होतो आणि दोन-तीन दिवसांत, कधी त्याआधीही, मृत्यू ओढवतो. पुष्कळ जणांना ही बद्धकोष्ठता वाटते आणि ते एरंडेल देण्यात वेळ घालवतात. लिटरमध्ये शूचा गोळा झालेला नाही, ट्रे कोरडा आहे, पोट कडक लागते, तो लिंग सारखे चाटतो आहे, यांपैकी दोन गोष्टी दिसल्या तरी रात्री-अपरात्री पशुवैद्यकाला फोन करावा. दुखते म्हणून पॅरासिटामॉल मुळीच देऊ नये, ती गोळी मांजरासाठी विष आहे. भाटीला अडथळा क्वचित होतो, परंतु तिच्या लघवीत रक्त दिसल्यास त्याच दिवशी दाखवावे.

१३. बोका भिंतीकडे पाठ करून उभ्याने पिचकारी मारतो. ट्रे बदलू का?

हा ट्रेचा विषय नाही. शेपटी ताठ करून, थरथरवत भिंतीवर मारलेली पिचकारी म्हणजे हद्द आखणे. पाच-सहा महिन्यांच्या सुमारास नसबंदी केल्यास बहुतेक बोक्यांत ही सवय लागतच नाही. मोठेपणी केली तरी दर्प आणि पिचकारी दोन्ही बहुधा कमी होतात, मात्र काही आठवडे थांबावे लागते. नसबंदीनंतरही चालू राहिल्यास खिडकीबाहेर दुसरा बोका येत नाही ना, ते पाहावे. पेठांतल्या लागून लागून असलेल्या घरांत बहुधा तेच कारण निघते. क्वचित एखादी भाटीही असे करते.

१४. दोन मांजरांना एक ट्रे पुरतो का?

मांजरे जितकी, त्यांच्यापेक्षा एक ट्रे जास्त, हा नियम आहे. जागा नसल्यास निदान दोन ट्रे दोन वेगळ्या खोल्यांत असावेत. शेजारी शेजारी ठेवलेले दोन ट्रे मांजराच्या दृष्टीने एकच असतात, आणि दांडगे मांजर वाट अडवून बसले की दुसऱ्याची कोंडी होते.

१५. शीला असह्य वास येतो. आम्ही घरचेच ताजे दूध-भात देतो.

कारण तेच आहे. दूध कट्ट्यावर मिळणाऱ्या धारोष्ण दुधाचे कौतुक माणसांनी जरूर करावे, परंतु मोठ्या मांजरांपैकी बहुतेकांना दुधातील लॅक्टोज पचत नाही, आणि म्हशीच्या दुधातील स्निग्धांशाने भर पडते. परिणामी पातळ, आंबूस शी. दूध बंद करून आठवडाभर पाहावे. तांबड्या रश्श्यातले मटण धुऊन दिले तरी त्यात मुरलेला कांदा-लसूण मांजराच्या रक्तपेशी फोडतो, म्हणून मटण आधीच वेगळे, बिनमिठाचे शिजवून द्यावे. तरीही वास राहिला किंवा शीत रक्त, आव, जंत दिसले, तर शीचा नमुना तपासून घ्यावा.

१६. सून गरोदर आहे. मांजर सोडून द्या, असे सगळे म्हणतात.

सोडून देण्याची गरज नाही. भीती आहे ती टोक्सोप्लाझ्मा या परजीवीची. लागण झालेले मांजर साधारण एक ते तीन आठवडेच शीतून त्याची अंडी टाकते आणि ती अंडी संसर्गजन्य व्हायला किमान एक दिवस लागतो, म्हणून रोज शी उचलणे हेच मोठे संरक्षण आहे. ते काम घरातल्या दुसऱ्या कुणी करावे. कुणी नसल्यास हातमोजे घालावेत आणि नंतर साबणाने हात धुवावेत. मांजराला कच्चे मांस देऊ नये. कच्चे मटण हाताळणे, अर्धवट शिजलेले खाणे आणि न धुतलेली पालेभाजी यांतूनही हाच संसर्ग होतो, हे मांजराकडे बोट दाखवणाऱ्यांना सहसा ठाऊक नसते. शंका असल्यास आपल्या स्त्रीरोगतज्ज्ञांना रक्ततपासणीबद्दल विचारावे.

१७. वापरलेले लिटर संडासात टाकले तर?

बेंटोनाइट पाइपातही फुगते. एकदा तुंबले की प्लंबर बोलवावाच लागतो. गोळे कागदात गुंडाळून, पिशवीत बांधून घंटागाडीला वेगळे द्यावेत. भुसा किंवा लाकडी गोळ्या फुलझाडांच्या खड्ड्यात खोल पुरता येतात. भाजीच्या वाफ्यात आणि विहिरीजवळ मात्र कधीही नाही.

१८. गणपतीत डॉल्बी सुरू झाला की मांजर पलंगाखाली जाते आणि तिथेच करते.

त्या दिवसांपुरता एक जादा ट्रे त्याच खोलीत, पलंगाशेजारी ठेवावा. दारे-खिडक्या लावाव्यात आणि त्याला ओढून बाहेर काढू नये. ताणाने मूत्राशयाला सूज येते, तेव्हा गोंगाट थांबल्यावरही दोन दिवस लघवीवर लक्ष ठेवावे. दिवाळीतही हेच.

१९. पूर आला की नातेवाइकांकडे जावे लागते. तिथे मांजर ट्रे वापरत नाही.

२०१९ आणि २०२१ च्या पुरांनंतर नदीकाठच्या भागांतून हा प्रश्न सातत्याने येतो. नवी जागा अनोळखी असली तरी वास ओळखीचा हवा, म्हणून ट्रे न धुता, त्यातले थोडे वापरलेले लिटर डब्यात घालून सोबत न्यावे. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेने ३९ फुटांची इशारा पातळी गाठली की मांजराची पेटी, लिटर आणि औषधे बांधून ठेवावीत. ४३ फुटांच्या धोका पातळीनंतर धावपळीत मांजर सापडतच नाही. नव्या घरी त्याला पहिले दोन-तीन दिवस एकाच खोलीत ट्रेसह ठेवावे. परत आल्यावर पुराच्या पाण्यात बुडालेला ट्रे आणि भिजलेले लिटर वापरू नये, आणि गाळ काढून फरशी पूर्ण वाळेपर्यंत मांजराला खाली सोडू नये, कारण त्या दिवसांत सर्वत्र ब्लीचिंग पावडर आणि फिनाइल मारलेले असते. त्याचे धोके प्रश्न ९ मध्ये दिले आहेत.